जेवढी हाक तेवढी ओ

जानकीअक्कासमोर कुणी धापा टाकत आलं, तर ती त्याला पाणी विचारत नाही, बस म्हणत नाही, काय झालं हेही विचारत नाही. ती त्याच्या हातात फुंकणी देते. चूल फुंकायची लोखंडी नळी असते ना, तीच. मग त्याच्यासमोर ताटलीत चिमूटभर राख ठेवते आणि हुकूम सोडते, "फुंक. राख हलली पायजे, उडता कामा न्हाई."

यातून कुणाचीही सुटका नाही. एकदा खालच्या घरचा रामा "आग, आग" करत पळत आला. अक्कानं त्याच्या तोंडात फुंकणी दिली. तीनदा फुंकून झाल्यावर रामानं शांतपणे सांगितलं की आग अक्काच्याच गवताच्या गंजीला लागली आहे. अर्धी गंजी जळाली. मी हळहळलो, तर अक्का म्हणाली, "अर्धी ऱ्हायली की! आदी नुसतं आग आग म्हणत हुता. कुटं, ते दम खाल्ल्याबिगर कसं सांगणार त्यो?"

जानकीअक्का आमच्या शाळेची स्वयंपाकीण. मुलांना सरकारकडून दुपारचं गरम जेवण मिळतं, त्याला इकडे कन्नड नावानं बिसीऊट म्हणतात. ते शिजवायचं काम तिचं. आणि मी त्या शाळेचा मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि घंटा देणारा, तिन्ही एकटाच. गाव जोयडा तालुक्यातलं, सुपा धरणाच्या पाण्याच्या काठावरचं. घरं सतरा, तीही एकमेकांशी भांडून लांब जाऊन बसल्यासारखी. मोबाईलची रेंज एका फणसाच्या झाडाखाली मिळते, तीही फणसाच्या मर्जीनं. माझं घर रामनगरला. बायकामुलं तिकडे, मी इकडे शाळेमागच्या खोलीत.

अक्का साठीला टेकलेली. अंगानं काटकुळी, पदर कायम खोचलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. शाळेत गॅस आला तेव्हा तिनं चूल सोडली, पण फुंकणी सोडली नाही. ती म्हणते, चाळीस वर्षं चूल फुंकली तेव्हा एक गोष्ट कळली. जोरात फुंकणाऱ्याच्या डोळ्यांत धूर जातो आणि चूल विझते. हळू आणि लांब फुंकणाऱ्याची पेटते. तिचं सगळं शास्त्र या एवढ्या वाक्यात आहे. बाकी नुसता विस्तार, आणि तो तिनं माझ्यावर केला.

कारण मी तापट. शाळेत एखाद्यानं सातचा पाढा आठाच्या पाढ्यात घुसवला की माझं डोकं फिरायचं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं रक्तदाब मोजला आणि यंत्राकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं. गोळी सुरू झाली. अक्कानं गोळीची पाकिटं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "गोळी खावा. चुकवू नगा. पर मास्तर, तुमी वरच्या मजल्यावर ऱ्हाताय. जरा खाली उतरा."

आमची शाळा एकमजली. मी काही न समजून बघत राहिलो. तेव्हा तिनं मला दुपारच्या सुट्टीत वर्गातल्या चटईवर उताणं पाडलं आणि तांदूळ भरलेलं पितळी मापटं माझ्या पोटावर ठेवलं.

"आता मापटं वरखाली झालं पायजे. छाती गप. छाती उगंच मिरवती, काम पोट करतंय."

मापटं जागचं हलेना. छाती मात्र भात्यासारखी वरखाली. "आदी सोडा, मग घ्या," ती म्हणत होती. हे तिचं पालुपद. माणसं आधी घ्यायला बघतात, तिथंच चुकतात, असं तिचं म्हणणं. "भरल्या घागरीत काय वतणार? आदी रिकामी करा की." मी सोडला. अजून सोडा, म्हणाली. आणखी सोडला. आता राहिलंय काय माझ्यात, असं वाटलं तेवढ्यात पोट आपणहून वर आलं आणि मापटं हललं. मला इतका आनंद झाला की डोळे मिटून तसाच पडून राहिलो.

डोळे उघडले तेव्हा दारात शिक्षण खात्याचे साहेब उभे. जीप खालच्या ओढ्यात रुतली म्हणून चढ चालत आलेले, घामानं निथळत होते आणि तोंडानं श्वास घेत होते. "एन्री मास्तर, इदु एनु?" असं त्यांनी कसंबसं विचारलं. हे काय चाललंय याचं उत्तर मला कन्नडमध्ये सुचेना, मराठीतही सुचलं नसतं. पोटावर मापटं घेऊन उठता येत नव्हतं. तांदूळ सरकारी.

अक्का पुढं झाली आणि साहेबांच्या हातात फुंकणी दिली. साहेब इतके दमले होते की विरोध करायचं त्राणच नव्हतं. त्यांनी फुंकलं, राख उडून त्यांच्याच शर्टावर बसली. "दांडगाई नगं, सायेब. बाळाच्या डोळ्यावर फुंकताय असं समजा." दुसऱ्यांदा राख नुसती हलली. पाचव्यांदा साहेब बाकावर टेकून बसले, आणि त्या दिवशी त्यांनी हजेरीपट बघितलाच नाही. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, मापटं केवढं लागतं?

तिच्या आणखी तऱ्हा. डाळ शिजायला किती वेळ, तर "दोनशे दम". गणेशगुडीकडच्या लॉजमधून फिरायला आलेली शहरातली मंडळी कधी वाट चुकून इकडे येतात आणि पाणी किती लांब आहे विचारतात. अक्का त्यांना वरून खालपर्यंत बघते. "तुमच्या दमानं का माझ्या?" माझ्या दमानं सत्तर, म्हणते, आणि तुमच्या दमानं आज पोचत न्हाई. एकदा अशाच एका लॉजमधले योगाचे शिक्षक मुद्दाम तिला भेटायला आले. भला माणूस. तिचं फुंकणं, भांड्यावर झाकण ठेवून त्यावर ओठ टेकवून गुणगुणणं, मापटं, सगळं नीट बघितलं, वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, या क्रियेचं नाव काय?

"नाव कशाला? श्वासाला काय हाक मारून बलवायचंय?"

"आणि तुमचे गुरू कोण?"

"चूल," अक्का म्हणाली.

त्या माणसानं तिला वाकून नमस्कार केला. मी हसलो होतो. आता लिहिताना लाज वाटते, कारण जे मी आधी ओळखायला हवं होतं, ते त्यानं पहिल्या तासात ओळखलं.

खरी जानकीअक्का मला कळली ती माझ्या मूर्खपणामुळं. गावात येऊन मला वर्ष होत आलं होतं, पण इतक्या लवकर मी कधी उठत नसे. सूर्य नुकताच वर आलेला, आणि खाली पाण्याकडून कुणीतरी ओरडल्यासारखा आवाज आला. "कूऽऽऽ" असा एकच लांब सूर. संपेचना. मला वाटलं, बाई बुडते आहे. मी टॉवेलावरच धावत सुटलो. काटेकुटे तुडवत, दोनदा आपटत खाली पोचलो, तर काठच्या एका मोठ्या धोंड्यावर जानकीअक्का उभी. हात कमरेवर, मान वर, आणि तोंडातून तो सूर अजून चाललेला. मी "अक्का, काय झालं?" म्हणायला तोंड उघडलं, तिनं मागं न बघता हातानं गप केलं.

सूर थांबला. मग पाण्याच्या पलीकडून, समोरच्या डोंगराच्या कुशीतून, बारीक पण स्वच्छ उत्तर आलं. "ओऽऽऽ."

अक्का डोळे मिटून बोटांची पेरं अंगठ्यानं मोजत होती. उत्तर थांबलं तेव्हा अंगठा दहाव्या पेरावर होता. "धा," ती म्हणाली. "काल नऊ हुती." आणि मग माझ्याकडं वळून, "मास्तर, आदी सोडा. आणि टावेल सावरा."

पलीकडं तिची धाकटी बहीण राहते, लक्षी. दोघींचं माहेर या काठाचं. लक्षीला समोरच्या उतारावर दिली तेव्हा मधे भाताची शेतं होती, चालत पाव तासाची वाट. मग पाणी आलं. आता रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा, दोन बस, आणि पुढं जंगलातली पायवाट, अख्खा दिवस जातो. लक्षीला लहानपणापासून दमा. नवरा नाही, एकुलता मुलगा गणेशगुडीच्या लॉजवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी येतो. बाकी सहा दिवस ती आणि तिचा श्वास.

पोरी असताना दोघी समोरासमोरच्या उतारांवर गुरं राखायच्या. या डोंगरात लांबच्या माणसाला असाच कुकारा घालतात, त्यानं ओ द्यायची. या दोघींनी त्यात आपला एक कायदा केला होता, जेवढी हाक तेवढी ओ. थोरली हाक मारणार, धाकटीनं तेवढीच लांब ओ द्यायची. आखूड पडली तर दोघींची गुरं तिनं वळायची. लक्षी दम्याची असून हट्टाला पेटायची, निळीकाळी व्हायची, पण हरायची नाही.

"डाक्टरनं तिला फुगा दिला फुगवायला. रोज दहा बार म्हणाला," अक्का सांगत होती. "तिनं टांगून ठिवला खुटीला. पोराटोरांचा खेळ म्हणती. पर माज्याफुडं हरायची न्हाई ती. मग मी हाक लांबवली. गुपचूप, एक एक पेर."

मला काय ऐकतोय ते कळायला जरा वेळ लागला. ही बाई रोज सकाळी पाण्यावरून बहिणीचा दमा तपासत होती. नुसता तपासत नव्हती, तिच्याकडून व्यायाम करून घेत होती, आणि तोही तिला न सांगता. मुलाकडून औषध वेळेवर जातंय ना, श्वासाचा पंप संपला नाही ना, यावर तिची नजर होतीच. पण ओ दोन दिवस आखूड आली की तिसऱ्या दिवशी अक्का रजा टाकून बस पकडायची.

आणि हाक लांब हवी तर आधी स्वतःचा श्वास लांब हवा. फुंकणी, राख, मापटं, गुणगुणणं, सगळं त्यासाठी. आम्ही आपले तिच्या सरावाच्या ताटातली शितं वेचत होतो. मी वर्गात चाळीस मिनिटं बोललो की माझा घसा बसतो. साठीची ही बाई रोज सकाळी एका श्वासात ते सगळं पाणी ओलांडायची. मला तिचा धाक वाटायला लागला. देवळात वाटतो तसला.

गेल्या श्रावणात अक्काला ताप भरला. चौथ्या दिवशी तिला नीट बोलता येईना. आम्ही तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून खाली रस्त्यापर्यंत नेलं आणि दांडेलीच्या दवाखान्यात दाखल केलं. न्यूमोनिया. खुर्चीत बसल्या बसल्या ती माझा हात धरून एकच सांगत होती, "लक्षीची ओ... आखूड पडंल."

तिच्या भाच्याकरवी पलीकडं निरोप गेला. तरी मला राहवेना. मी स्वतः धोंड्यावर जाऊन हाक मारली. दोन दिवस मारली. पलीकडून काही नाही. तिसऱ्या दिवशी लक्षीचा आवाज आला, तुटक तुटक, पण शब्द कळले. "मास्तर, घसा फाटंल! जावा घरला!"

अकराव्या दिवशी अक्का परत आली. अर्धी झालेली. दवाखान्यानं तिला तीन हलके गोळे असलेलं एक यंत्र दिलं होतं, नळीतून श्वास ओढून गोळे वर चढवायचे. तिनं ते हातात घेतलं आणि नाक मुरडलं. "हे उलटं हाय. आदी घे म्हणतंय." मग तिनं आधी सगळा श्वास सोडून नंतर ओढला. एक गोळा थोडा उचलला, परत पडला. तिनं यंत्र पदराखाली झाकलं. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

आता मास्तर मी. फुंकणी मी द्यायचो, राख मी ठेवायचो, "आदी सोडा" मी म्हणायचो. इतकी चुकार विद्यार्थीण मला नोकरीत मिळाली नाही. राख हलत नाही दिसलं की पदरानं वारा घालायची. तिची ओळखीची हाक आता दोन पेरांत संपत होती. आणि धोंड्यावर जायला ती काही केल्या तयार होईना.

"दोन तर दोन," मी म्हणालो. "निदान तुमचा आवाज तरी ऐकू दे त्यांना."

"तुमास्नी कळत न्हाई, मास्तर. मी दोनाची हाक मारली की ती दोनाची ओ देणार. मग तिचं बसलं. इतक्या वर्सांचं सगळं बसलं."

"आणि हाकच नाही मारली तर?"

ती भिंतीकडं तोंड करून पडली. मी बाहेर येऊन उभा राहिलो. मला तिचा राग आला होता. असे नऊ दिवस गेले. रोज सकाळी ती उठून बसायची, पाण्याच्या दिशेला कान लावायची आणि मग चहा प्यायची.

दहाव्या सकाळी मी तिला चहा देत होतो. पावसानं उघडीप दिलेली. आणि पलीकडून सूर आला.

"कूऽऽऽ."

अक्काचा हात थांबला. ओ नव्हती ती. हाक होती.

"लक्षी?" ती म्हणाली, आणि मग एकदम भडकली. "धाकट्यानं आदी हाक मारायची न्हाई! असं कुटं आसतंय व्हय? चला मास्तर, धरा मला."

मी तिला धरून खाली नेलं. सत्तर दमांची वाट, आम्हाला किती लागले ते मी मोजले नाहीत. पाच वेळा टेकलो. दर वेळी ती "अगोचर! लहानपणापास्नं अगोचर!" म्हणून लक्षीला शिव्या देत होती, आणि त्या शिव्यांपायी तिचा श्वास आणखी जात होता. धोंड्यावर चढली तेव्हा पुन्हा हाक आली. अक्काची बोटं आपोआप चालू लागली. बारा पेरं. बाराची हाक अक्कानंही क्वचितच मारली होती.

अक्कानं ओ दिली. तिसऱ्या पेरावर तुटली आणि खोकला आला.

पुन्हा हाक. पुन्हा बारा. अक्कानं पुन्हा ओ दिली, पुन्हा तीन. मला भीती वाटू लागली. "बास, अक्का," मी म्हणालो. तिनं ऐकलं नाही.

तिसरी हाक आली, ती मधेच थांबली. पाणी गप्प झालं.

"दमल्या वाटतं," मी म्हणालो.

अक्का आपल्या बोटांकडं बघत होती. अंगठा चौथ्या पेरावर होता.

"दमली न्हाई," ती म्हणाली. "माज्या मापाची मारली तिनं."

मग तिनं पाय रोवले. आधी सोडला, सगळा, पार पोट पाठीला लागेपर्यंत. मग घेतला. आणि ओ दिली, कापऱ्या आवाजाची, पण न तुटता. चार.

पलीकडून लगेच हाक आली. अक्काचा अंगठा चाराच्या पुढं सरकून पाचावर थांबला. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "बगा. बगा सटवीला. चढवती हाय मला. मी तिला आशीच चढवली हुती. तिला कळू नये म्हून मधी मधी आखूडबी मारायची."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं सगळं?"

"समदं ठाव हुतं की! आणि मला वाटायचं, हरायला नगं म्हून वरडती." तिनं पदरानं तोंड पुसलं, पण पाणी थांबेना. "मास्तर, आय गेली, नवरा गेला. समद्यास्नी मीच हाका मारत आले. मला कुणी हाक मारली नव्हती वो."

माझा स्वतःचाच श्वास वरच्या मजल्यावर अडकला होता. तिला आधार म्हणून एक हात दिला, आणि दुसऱ्या हाताची बोटं वर केली. निदान तिची ओ मोजावी म्हणून.

तिनं माझा हात खाली केला.

"तुमी नगा मोजू," ती म्हणाली. "ती मोजती हाय."